डावा पीळ

फैजपूरला यावल रोडवर, टायरच्या दुकानामागं,
निंबाखाली लीलाधर चौधरींचं झेटर उभं आहे,
बॉनेट उघडं, बॅटरी काढून विटेवर ठेवलेली.
एकोणऐंशी सालचं.
"सगळी वायरिंग फेकून दे," चौधरी म्हणाले,
"मले रातच्याले केळाची ट्रॉली भरा लागते,
अन् पुढचा एकच दिवा पेटतो, तोही भुईत पाहतो."

काढणं म्हणजे कापणं नव्हे.
आधी खडूनं लिहायचं बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर:
तांबडी सेल्फकडून अमीटरला, काळी हेडलाइटला,
आणि एक, जी कधीकाळी पिवळी असावी,
मडगार्डाखाली शिरते आणि हरवते.
तिच्यापुढं मी प्रश्नचिन्ह काढलं.

बॅटरीच्या खोक्यात उंदराचा संसार:
सरकीसकट कापूस, खताच्या बिलाचा अर्धा कागद,
केळीच्या सोपटाचे दोरे.
टर्मिनलवर मोरचुदासारखं काही फुललेलं.
सोडा, कोमट पाणी, जुना दात घासायचा ब्रश.
फसफसलं. खाली पितळ निघालं.

मग टेप सोलत गेलो.
वरचा थर निळा, गेल्या वर्षीचा, अजून चिकट,
चौधरींच्या पुतण्याची घाई.
त्याखाली काळा, एवढ्या उन्हाळ्यांनी कडक झालेला,
चिमटीत धरला की चुरा.
त्याखाली टेपच नाही,
सायकलच्या ट्यूबची पट्टी, दोऱ्यानं आवळलेली,
आणि पट्टीच्या आत, पिवळ्या तारेवर, जोड.

मी पक्कड खाली ठेवली.

आमच्या लायनीत सगळे तार उजवीकडं पिळतात.
हा पीळ डावा होता.
सात वेढे, आणि टोक आत दुमडलेलं,
पुढच्या माणसाच्या बोटाला टोचू नये म्हणून.

रुबाब तडवी.
पक्कड डाव्या हातात, बिडी उजव्या.
मी चौदाचा, पान्हे पुसायला ठेवलेला.
टेस्टलॅम्प माझ्याकडं फेकायचे आणि विचारायचे,
"सांग, कुठं मेला?"
म्हणजे करंट.
मी चुकलो की म्हणायचे,
"अर्थ लागत नाही तवलोक
नुसतं पाहून काय समजीन?"
दोन वर्षं मला वाटत होतं ते काही खोल बोलतायत.
ते चासीवरच्या गंजाबद्दल बोलत होते.
घासायचा, चकाकेपर्यंत,
मग वॉशर, मग नट.

एकदा मी चोरून डावा पीळ घातला, अगदी त्यांच्यासारखा.
त्यांनी बघितला, उलगडला, तार सरळ करून हातात दिली.
"तुह्या हातानं कर."
एवढंच.
आता ते सुरतेला मुलाकडं असतात, चौथ्या मजल्यावर,
फोनवर ऐकू येत नाही,
नातवालाच विचारतात, काय म्हणतो तो, काय म्हणतो.

जोडावर दिवा लावून पाहिला.
पेटला. जराही मंद नाही.

म्हणून पिवळी सोडून बाकी सगळी नवी टाकली:
सहा फ्यूजचा डबा, लग दाबून, सोल्डर करून,
पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबर,
आणि सगळे जोड उजवे, माझ्या हाताचे.

संध्याकाळ होत आली तेव्हा पिवळीमागं गेलो,
पाठीवर झोपून, मडगार्डाखाली, बॅटरी टॉर्च दातात.
शेवटाला एक होल्डर निघाला, गुळाएवढ्या चिखलात,
बल्ब नसलेला, तोंड खाली,
बरोबर हुकाकडं,
जिथं अंधारात माणूस हात घालतो
आणि दुसरा मागं घेतो ट्रॅक्टर.

हे चौधरींनी सांगितलेलं नसणार.
बिलातही कुठं नसणार.

वीस रुपयांचा बल्ब बसवला.
चौधरी आले, किल्ली फिरवली,
अमीटरचा काटा हलला आणि अधिककडं गेला.
पुढचे दोन्ही दिवे निंबाच्या खोडावर.
मग ते मागं आले, पिन हातात घेऊन,
सवयीनं हाक मारली, "कोनी बॅटरी धरा रे,"
आणि थांबले.
हुकावर ताटलीएवढा उजेड पडला होता.
त्यांनी पिन घातली, काढली,
पुन्हा घातली.
"हे कदी लावलं?"

मी हात पुसत होतो.